चामड्यावर कुलचिन्ह : घाणा, रिकामे जू आणि सात थेंब



गेल्या वर्षी माझा नातू सातवीत गेला. आपल्या इथल्या शाळांतून त्या वर्षी मुलांना ‘शोराशीम’ म्हणजे आपल्या मुळांचा प्रकल्प करावा लागतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. एका संध्याकाळी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, “सबा, वर्गातल्या एका मुलाने घराण्याचे चिन्ह आणले आहे. ढाल, सिंह, मुकुट, सगळे काही. आपले सेमेल कुठले?”

मी म्हणालो, “आपले तसले काही नाही.”

त्याचा चेहरा उतरला. मी पस्तीस वर्षे मुलांना शिकवले आहे, त्यामुळे असा उतरलेला चेहरा मला चांगला ओळखता येतो. “आपल्याकडे नाही” या उत्तराचा अर्थ मूल “आपण कोणी नाही” असा लावते. म्हणून मी उत्तर बदलले. “नाही, पण करू या. कागदावर नको, चामड्यावर कोरू.” त्या कामात आम्हा दोघांचे तीन महिने गेले. त्यातून जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवतो. ज्यांना हाताने करून पाहायचे असेल त्यांना कृती मिळेल, आणि ज्यांना करायचे नाही त्यांनाही विचाराला काही खाद्य मिळेल, अशी आशा आहे.

कुलचिन्ह म्हणजे काय?

युरोपात कुलचिन्हांची पद्धत इसवी सनाच्या बाराव्या शतकात सुरू झाली. लोखंडी शिरस्त्राणात तोंड झाकलेला सरदार कोणाच्या बाजूचा, हे दुरून कळावे म्हणून ढालीवर खूण काढीत. ढाल लाकडाची, आणि तिच्यावर बहुधा चामडे चढविलेले असे. म्हणजे कुलचिन्ह आणि चामडे यांची सोयरीक मुळापासूनचीच आहे.

दुरून ओळखू यावे हाच हेतू असल्यामुळे त्यांनी एक साधा नियम केला. सोने आणि रुपे, म्हणजे पिवळा व पांढरा, हे ‘धातू’. तांबडा, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे ‘रंग’. रंगावर धातू काढावा किंवा धातूवर रंग, पण रंगावर रंग आणि धातूवर धातू काढू नये. फळ्यावर खडू उठतो, पांढऱ्या भिंतीवर उठत नाही. इतकेच त्यातले तत्त्व आहे.

दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवावी. कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिले जाई, आडनावाला नव्हे. आडनाव सांगितले की चौकटीत बसवलेले ‘घराण्याचे चिन्ह’ काढून देणारी दुकाने जगभर आहेत. तो व्यापार आहे, इतिहास नव्हे. नातवाच्या वर्गमित्राचा सिंह अशाच दुकानातला निघाला. नातू हसू लागला तेव्हा मी त्याला दटावले. त्या मुलालाही आपले मूळ हवेच होते. ते त्याने विकत घेतले, एवढाच फरक.

यहुदी घराण्यांना अशी चिन्हे मिळालेली आहेत. सर मोझेस माँटेफिओरे (१७८४–१८८५) यांच्या कुलचिन्हात ‘येरूशलाईम’ हा शब्द हिब्रू अक्षरांत आहे. आणि आपल्या सर्वांचे मिळून एक चिन्ह आहेच. ढालीवर मेनोरा, दोन बाजूंना ऑलिव्हच्या डहाळ्या, खाली ‘इस्राएल’ हे नाव. गाब्रिएल व मॅक्सिम शामीर या बंधूंनी ते रेखाटले आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी ते राज्याचे चिन्ह म्हणून स्वीकारले गेले. मेनोऱ्याचा आकार रोममधील टायटसच्या कमानीवरून घेतला आहे. ज्या कमानीवर आपली लूट कोरली, तिच्यावरूनच आपण आपले चिन्ह परत उचलले.

तोरा काय सांगते?

आता कोणी म्हणेल, हे सारे युरोपातल्या सरदारांचे. आपल्याला काय त्याचे? त्यांनी बमिदबार, म्हणजे गणना हे पुस्तक उघडावे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच आज्ञा आहे की, इस्राएलाच्या संतानाने आपापल्या निशाणापाशी, आपल्या बापाच्या घराण्याच्या खुणांपाशी तळ द्यावा. घराण्याच्या खुणा! ‘ओथोथ’ हा तिथला हिब्रू शब्द.

त्या खुणा कोणत्या, हे बमिदबार रब्बा या मिद्राशात सांगितले आहे. अहरोनच्या उरपट्टीवर बारा रत्ने होती. प्रत्येक गोत्राच्या निशाणाचा रंग त्याच्या रत्नाचा. रऊबेनचे निशाण तांबडे, त्यावर दूदाईमची फळे. शिमोनचे हिरवे, त्यावर शखेम नगर. यहूदाचे आकाशी, त्यावर सिंह. इस्साखारचे काजळासारखे काळे, त्यावर सूर्य-चंद्र, कारण ते गोत्र काळाचे गणित जाणणारे. झबुलूनचे पांढरे, त्यावर गलबत, कारण ते समुद्रकाठी राहणारे. दानचा साप, नफ्तालीची हरिणी, आशेरचे ऑलिव्हचे झाड, बिन्यामीनचा लांडगा. यांतली बरीच चिन्हे याकोबाने मरताना मुलांना दिलेल्या आशीर्वादातून आलेली आहेत. मिद्राश असेही म्हणतो की, निशाणांना निरनिराळे रंग देण्याची रीत राज्ये यांच्याकडूनच शिकली.

यातला धडा मी नातवाला असा सांगितला. झबुलूनच्या निशाणावर गलबत का? तो राजा होता म्हणून नव्हे. दर्यावर पोट भरीत होता म्हणून. खूण घ्यायची ती घराण्याने काय केले त्यातून. काय मिरवावेसे वाटते त्यातून नव्हे.

चामड्याचा मान

चामडे ही हलकी वस्तू असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी मिश्कानची आठवण ठेवावी. निर्गमच्या २६ व्या अध्यायात मिश्कानवर तांबड्या रंगविलेल्या मेंढ्यांच्या कातड्यांचे आच्छादन सांगितले आहे. आणि रोज सकाळी आपण जे तेफिल्लीन बांधतो, ते चामड्याचेच. डोक्यावरच्या तेफिल्लीनच्या घरावर दोन बाजूंना ‘शीन’ हे अक्षर असते. घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला तीन दांड्यांचे, डाव्या बाजूला चार दांड्यांचे. ते वरून चिकटवलेले नसते; त्याच कातड्यातून उठवलेले असते.

येथे एक मौज पाहा. कुलचिन्हाच्या शास्त्रातही ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, पाहणाऱ्याची नव्हे. दोन्हीकडे हिशेब अंगावर धारण करणाऱ्याच्या बाजूने. माझ्या नातवाने हे एकदा ऐकले आणि पुन्हा चुकला नाही.

मेईर याफे

चामड्यावर कोरीव काम करणाऱ्यांत एका यहुदी कारागिराचे नाव आजही घेतले जाते, मेईर याफे. पंधराव्या शतकात जर्मन मुलखात तो लेखनिकही होता आणि पुस्तकबांधणी करणाराही. ओल्या चामड्यावर सुरीने रेषा कापायची आणि भोवतालची जमीन ठोकून दाबायची, म्हणजे आकृती वर उठते. या पद्धतीत त्याचा हात फार मोठा होता. १४६८ साली नुरेंबर्गच्या नगरसभेने त्याला काही पुस्तके बांधण्यासाठी शहरात राहण्याची परवानगी दिली. परवानगी, कारण यहुद्याला मनाला येईल तिथे राहता येत नसे. त्याने बांधलेला एक हुमाश आज म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आहे. त्याच्या चामडी पुठ्ठ्यावर हिब्रू अक्षरे आहेत. नुरेंबर्गच्या सभेसाठी हा हुमाश, असे सांगून शेवटी त्याने आपले नाव घातले आहे, ‘मेईर याफे, चित्रकार’.

पुढे एकतीस वर्षांनी, १४९९ मध्ये, नुरेंबर्गमधून सर्व यहुद्यांना बाहेर काढण्यात आले. सभेचे सभासद कोण होते ते आज कोणाला आठवत नाही. चामड्यावरचे नाव मात्र पाच शतके टिकले आहे. नाव का कोरावे, याला याहून मोठे उत्तर माझ्यापाशी नाही.

आपले चिन्ह कोणते?

आता आमच्या घरी परत येऊ. आमचे गाव चौल-रेवदंड्याकडचे. नातवाला या नावांचा पत्ता नव्हता. आपली आडनावे म्हणजे गावांची नावे. पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर. इथे येऊन कित्येकांनी आडनाव तोडले, हिब्रू केले. त्यात दोष नाही. पण ‘कर’ गेला की गाव जाते आणि गाव गेले की रस्ता जातो.

आम्ही दोघांनी बसून यादी केली. फुटलेले गलबत आणि नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी. कल्ले व खवले असलेला मासा, ज्यावरून दावीद रहाबीने आपल्या बायकांची परीक्षा केली असे आपण ऐकत आलो. अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा टापा. मलिद्याचे ताट. नारळीचे झाड. आणि तेलाचा घाणा. नातवाला हे सगळेच एका ढालीवर हवे होते. मी म्हणालो, “ढाल म्हणजे माळा नव्हे, सगळे सामान तिथे ठेवायला. एक खूण घे, फार तर दोन.” त्याने घाणा निवडला, कारण तो यंत्रासारखा दिसतो.

रेखाटन घरात दाखवले तेव्हा आमच्या आत्याबाई रागावल्या. वय वर्षे एकोणनव्वद. घरात त्यांचा शब्द शेवटचा. “काय रे हे? तेल्याचा घाणा भिंतीवर लावणार? आपल्या माणसांनी मुंबईत रेल्वेत, पोस्टात नोकऱ्या केल्या, पलटणीत सुभेदार झाले, दवाखान्यांत डॉक्टर झाले. ते काढ की! लोक काय म्हणतील?”

मी गप्प राहिलो. वडील माणसापुढे एकदम वाद घालू नये, आणि त्यांच्या बोलण्यातली बोच मला कळत होती. कोकणात ‘तेली’ हा शब्द कोणी मानाने उच्चारीत नसे. मग मी हळूच विचारले, “आत्याबाई, आपल्याला नुसते तेली म्हणत की शनिवार तेली?”

“शनिवार तेली.”

“का बरे?”

“का म्हणजे? शनिवारी घाणा बंद. माझी आजी सांगायची, शुक्रवारी ऊन कलले की बैलाच्या मानेवरचे जू काढायचे, उखळ पुसून घ्यायचे, आणि जू भिंतीला टांगायचे. शनिवारी कोणी तेल मागायला आले तर परत पाठवायचे. गिऱ्हाईक गेले तरी चालेल...” एवढे बोलून आत्याबाई थांबल्या. नातू त्यांच्या तोंडाकडे पाहत होता. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “बैल काढूच नको. जू रिकामे दाखव.”

वाचकहो, आमचे कुलचिन्ह त्या वाक्यात तयार झाले. बैल नसलेला घाणा. तोरा म्हणते की शब्बाथ दिवशी तू काम करू नये, तुझ्या बैलानेही करू नये. आपल्या पूर्वजांजवळ कित्येक पिढ्या तोरेचे सेफेर नव्हते, हिब्रू नव्हती, रब्बी नव्हते. पण आठवड्यातून एक दिवस त्या बैलाच्या मानेवर जू नव्हते. लोकांनी हिणवून दिलेले नाव तेच आपल्या इमानाची साक्ष ठरले.

ही साक्ष काही नुसती भिंतीवर लावायची नाही. १९६० नंतरच्या वर्षांत याच देशात आपल्या विवाहांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करावी असे फर्मान निघाले होते. आपली माणसे त्याविरुद्ध येरूशलाईमला धरणे धरून बसली, आणि १९६४ साली आपण सर्व बाबतींत यहुदी आहोत हे सरकारकडून जाहीर झाले. ‘तुम्ही कोण?’ असे विचारणाऱ्याला त्या वेळी आपल्या वडीलधाऱ्यांनी जे उत्तर दिले, त्यात हा थांबलेला घाणाही होता. आपल्या मुलांना ते उत्तर तोंडपाठ असावे.

घाण्याच्या खाली आम्ही तेलाचे सात थेंब घातले, सात जोडप्यांसाठी. आणि सर्वांत खाली गावाचे नाव, मराठीत व हिब्रूत.

काय कोरू नये

कृतीकडे जाण्याआधी चार सूचना करतो. शुल्हान आरूखमध्ये, योरे देआ १४१ मध्ये, याविषयीचे नियम आहेत. माणसाची उठावदार आकृती करू नये. सूर्य, चंद्र व तारे तर उठावाचेही नकोत आणि खोदलेलेही नकोत. पशू, पक्षी, मासे, झाडे यांना मोकळीक आहे. चामड्यावरचे काम उठावाचेच असल्यामुळे हा नियम आपल्याला लागतो. एलियाहू हन्नाबीची मूर्ती न काढता टापा किंवा रथाचे चाक काढावे; आपल्या लोकांनी आठवण ठेवली ती टाप्याचीच. मागेन दावीद ही आकाशातल्या ताऱ्याची नक्कल नव्हे, दोन त्रिकोणांची आकृती आहे. तिला हरकत नाही. काही शंका वाटल्यास आपल्या रब्बींना विचारावे.

दुसरे, परमेश्वराचे नाव पट्ट्यावर, पाकिटावर, पिशवीवर कोरू नये. त्या वस्तू कुठेही नेल्या जातात आणि झिजल्यावर टाकल्या जातात. पासूक कोरायचा तर नाव नसलेला निवडावा. तिसरे, घरात कोहेन नसता कोहेनचे हात काढू नयेत, आणि लेवी नसता झारी काढू नये. चौथे, यहूदाचा सिंह सुंदर दिसतो म्हणून घेऊ नये. खूण म्हणजे विधान. खोटे विधान चामड्यावरही खोटेच.

साहित्य

चामडे झाडाच्या सालीने कमावलेले हवे. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि लवचिक असते. त्यावर ठोकलेला ठसा पुन्हा फुगून येतो. आपल्या कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावतात, त्या जातीचे चामडे हवे. दुकानात विचारताना ‘व्हेजिटेबल टॅन’ म्हणावे. खात्री करायची तर कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. सालीचे चामडे पाणी पिते आणि तेथे काळसर होते. जाडी ३ ते ४ मिलिमीटर असावी. पाटीसाठी ३० सेंटिमीटर लांब व २५ रुंद तुकडा पुरेल. तेफिल्लीनला शुद्ध जनावराचेच कातडे लागते. भिंतीवरच्या पाटीला तसे बंधन नाही, पण आम्ही गाईचेच घेतले.

हत्यारे मोजकीच. फिरत्या मुठीची सुरी, तिला ‘स्विव्हल नाईफ’ म्हणतात; तिची वरची खोबण तर्जनीखाली धरतात आणि अंगठा व मधल्या बोटाने दांडा फिरवतात. एक बोथट टोकाची सळई. उतार देण्याचा ठसा म्हणजे ‘बेव्हलर’, आणि जमीन दाबण्याचा खडबडीत ठसा. लाकडी किंवा कच्च्या कातड्याची मोगरी. लोखंडी हातोडीने ठशांची डोकी फुटतात. खाली ठेवायला जड सपाट दगड. स्वयंपाकघराचे ओटे बनविणाऱ्याकडे ग्रॅनाइटचे उरलेले तुकडे पडलेले असतात. मला एक फुकट मिळाला.

कृती

चित्र. आधी कागदावर खऱ्या मापात काढावे. बारीक तपशील गाळावेत. दोन रेषांमध्ये ठसा मावेल एवढी जागा हवीच. घाण्याला आम्ही उखळ, लाट आणि जू एवढेच ठेवले. चित्र भिंतीला लावून दहा पावले मागे जावे. तिथून ओळखू आले नाही तर पुन्हा काढावे.

ओलावा. सगळ्या कामाचा जीव इथे आहे. स्पंजने चामड्यावर सारखे पाणी फिरवावे. डाग-डाग ओले करू नये. लगेच काम सुरू करू नये. पृष्ठभागाचा रंग मूळच्यासारखा फिकट होऊ लागतो, पण गालाला लावले तर गार लागते. ही वेळ बरोबर. फार ओले असेल तर रेषा चिखलात काढल्यासारखी मिटते, कोरडे असेल तर सुरी अडते. ठसा मारताच दाबलेली जागा गडद तपकिरी झाली की ओलावा नेमका आहे असे समजावे. हमसीनच्या दिवसांत चामडे पाहता पाहता वाळते. वरून फडके पुन्हा पुन्हा फिरवावे. काम अर्धवट राहिले तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवावे. दोन-तीन दिवस तसेच ठेवले तर बुरशी येते.

ओले असताना चामडे ताणलेही जाते. ठोकताठोकता चौकोन वाकडा होऊ नये म्हणून मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावून घ्यावी.

उतरवणे. चित्र पारदर्शक कागदावर घेऊन चामड्यावर ठेवावे आणि बोथट सळईने रेषांवरून फिरावे. खाली पुसट खूण उमटते. इथे माझी फजिती झाली ती सांगतो. पहिल्या तुकड्यावर पारदर्शक कागद मी उलटा ठेवला. घाणा दोन्हीकडून सारखाच दिसत असल्यामुळे काही लक्षात आले नाही. मराठी आणि हिब्रू दोन्ही नावे उलटी कोरून झाल्यावर नातू म्हणाला, “सबा, हे आरशात वाचायचे का?” कागदाच्या वरच्या कोपऱ्यात बाण काढून ठेवावा.

कापणे. सुरी उभी धरावी आणि आपल्याकडे ओढावी. खोली चामड्याच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत. वळणावर मनगट न वळवता बोटांनी सुरी फिरवावी. एक रेष दुसरीला छेदून पलीकडे जाता कामा नये. जिथे मिळते तिथे किंचित अलीकडेच थांबावे. कापलेली रेष खोडता येत नाही. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर शंभर रेषा माराव्यात. शंभर ही संख्या मी उगाच सांगत नाही. साठाव्या रेषेनंतर नातवाचा हात स्थिर झाला. सुरीची धार जाड कागदावर चोळण लावून मधून मधून घासावी. धार गेली की सुरी कापत नाही, ओरबाडते.

उतार देणे. बेव्हलरची जाड बाजू कापलेल्या रेषेत ठेवून आकृतीच्या बाहेरच्या बाजूने ठोकत जावे. प्रत्येक ठोक्याला ठसा अर्ध्या रुंदीने पुढे सरकवावा, म्हणजे पायऱ्या दिसत नाहीत. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे इथे ठरते. आमच्या चित्रात जू लाटेच्या पुढे आहे, म्हणून जुवाच्या रेषेबाहेर लाट दाबली.

जमीन. आकृतीभोवतीची जागा खडबडीत ठशाने दाबावी. ठोका सगळीकडे सारखा हवा. आणि इथे विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. लाकूड किंवा दगड कोरताना ढलप्या निघतात. या कामात चामड्याचा एक कणही बाहेर पडत नाही. जे मागे राहायचे ते दबते, आणि जे राखायचे ते त्यामुळेच वर येते.

वाळवणे व रंग. सावलीत निदान चोवीस तास सपाट ठेवून वाळवावे. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवल्यास तडे जातात. मग चामड्याचा रंग बारीक कुंचल्याने द्यावा. फिकट आकृती, गडद जमीन. वर सांगितलेला धातू-रंगाचा नियम इथे उपयोगी पडतो. आम्ही आकृती नैसर्गिक ठेवून जमीन तपकिरी केली. शेवटी चामड्याच्या तेलाचा अगदी हलका हात आणि त्यावर मेण.

लोखंडाचे भय. सालीने कमावलेले ओले चामडे लोखंडाला लागले की काळा डाग पडतो आणि तो जात नाही. माझ्या किल्ल्यांची खूण दुसऱ्या तुकड्यावर अजून आहे. कारण सोपे आहे. सालीतील टॅनिन आणि लोखंड मिळून काळा रंग होतो. गावाकडे हिरडा आणि लोखंड मिळून शाई करीत, ती याच गुणावर. शत्रू म्हणून ओळखले तर डाग, मित्र म्हणून वापरले तर शाई.

शेवटी

तिसरा तुकडा साधला. त्यावर उतार थोडा वाकडा आहे आणि सातवा थेंब इतरांहून मोठा झाला आहे. नातवाला तो पुन्हा करायचा होता. आत्याबाईंनी करू दिला नाही. म्हणाल्या, “राहू दे. तो तुझा थेंब.”

शाळेत त्याने पाटी नेली तेव्हा बाईंनी विचारले, “बैल कुठे आहे?” तो म्हणाला, “आज शनिवार आहे.” हे त्याने घरी येऊन सांगितले आणि आत्याबाईंनी ते त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतले.

पुढच्या वर्षी त्याचा बार मिझवा आहे. मूठभर चामडे उरले आहे. त्यातून तेफिल्लीनच्या पिशवीसाठी लहानशी पट्टी करायची असे ठरले आहे. त्यावर रेखाटन त्याचे, कोरणार तोच. मी फक्त पारदर्शक कागदावर बाण काढून देणार.

आपणा प्रत्येकाच्या घरात असा एखादा घाणा, एखादे गलबत, एखादे ताट आठवणीत पडलेले असेल. सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. आधी त्यांच्याजवळ बसा. चामडे, सुरी आणि मोगरी नंतरही मिळतील.

शब्बाथ शालोम!